जन्माचा दाखला : कागद आजचा, पण नोंद कधीची?



ग्रीनकार्डाची तारीख ‘करंट’ झाली की आपल्या घरांतून तीन फोन जातात. एक वकिलाला, दुसरा मेडिकलसाठी डॉक्टरला आणि तिसरा गावाकडे, जन्माच्या दाखल्यासाठी. पहिली दोन कामे पैसे भरून आठ-पंधरा दिवसांत होतात. तिसरे कुठे अडेल ते सांगता येत नाही. जुलै २००७ मध्ये नोकरीच्या जवळपास सगळ्या कॅटेगरी एकदम खुल्या झाल्या आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतीयांची ईबी-३ ची फाइलिंगची तारीख एका उडीत जानेवारी २०१५ वर गेली. दोन्ही वेळेला कितीतरी मराठी कुटुंबांनी काका-मामांना नगरपालिकेच्या रांगेत उभे केले.

ही धावपळ आपल्याला नवी नाही. मात्र २०२३ पासून दाखल्यामागचे नियमच बदलले आहेत. भारताचा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा बदलला, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने उशिरा केलेल्या नोंदींची कडक तपासणी सुरू केली. “गावाकडे कोणीतरी आहे, काढून देईल” या भरवशावर आपण जी कामे टाकून ठेवतो, त्यांचा आता नव्याने विचार करायला हवा. आमचे म्हणणे थोडक्यात असे : दाखला केव्हा छापला याला फार किंमत नाही, त्यामागची नोंद केव्हा झाली यावर सगळे अवलंबून आहे. आणि नोंदच नसेल, तर आज नवी नोंद करून घेणे हा दिसायला सोपा पण बऱ्याचदा चुकीचा रस्ता ठरतो.

नोंद वेगळी, दाखला वेगळा

आपण बोलताना दोन्हींना एकच समजतो. नोंद म्हणजे निबंधकाच्या रजिस्टरमधली ओळ. दाखला म्हणजे त्या ओळीची सही-शिक्क्याची प्रत, नमुना ५ मधली. खेड्यात निबंधकाचे काम ग्रामपंचायतीत ग्रामसेवक पाहतो, शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेचा आरोग्य विभाग. नोंद असेल तर दाखल्याच्या प्रती हव्या तितक्या मिळतात. १९७४ ची नोंद असली आणि दाखला कालच काढला, तरी तो खणखणीत पुरावा आहे. दाखल्यावर दोन तारखा असतात : नोंदणी केव्हा झाली ती आणि दाखला केव्हा दिला ती. आपले लक्ष दुसरीकडे जाते. अमेरिकेचा इमिग्रेशन अधिकारी पहिली तारीख बघतो.

१९६९ चा केंद्रीय कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची, ही त्याची मूळ चौकट. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षाच्या आत असेल तर लेखी परवानगी, आणि वर्ष उलटले तर चौकशी करून दिलेला आदेश लागतो. या शेवटच्या पायरीवरच गेल्या दोन-तीन वर्षांत सगळा गोंधळ झाला आहे.

आपल्या नोंदी हरवल्या कुठे?

कायदा होता म्हणून नोंदी झाल्याच, असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये भारतात पाच वर्षांखालच्या फक्त ४१ टक्के मुलांच्या जन्माची नोंद झालेली होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८९ टक्क्यांवर गेले. म्हणजे आज ज्यांची मुले इथे हायस्कूलला आहेत, त्यांच्या जन्माच्या काळात नोंद नसणे ही देशभर अगदी सर्वसाधारण गोष्ट होती. तो कोणा एका घराचा निष्काळजीपणा नव्हे.

त्यात आपल्या चालीरीतींची भर. पहिले बाळंतपण माहेरी. त्यामुळे घर सातारला, नोकरी पुण्याला आणि जन्माची नोंद मात्र आजोळच्या गावी. नोंद जन्माच्या ठिकाणी होते, राहत्या गावी नाही. पुणे महापालिकेत तीन खेपा घालूनही काही मिळत नाही, कारण ती ओळ एखाद्या लहानशा ग्रामपंचायतीच्या कपाटात पडलेली असते.

बारसे बाराव्या दिवशी किंवा त्यानंतर. दवाखान्याने किंवा घरच्यांनी माहिती दिली तेव्हा बाळाला नावच नव्हते. म्हणून रजिस्टरमध्ये ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, वडिलांचे नाव, आणि नावाचा रकाना कोरा. नोंद असूनही दाखला अर्धवट.

आईचे नाव हा आणखी एक गुंता. लग्नात नाव बदलायची पद्धत असलेल्या घरांत आईचे नाव रजिस्टरमध्ये एक, पासपोर्टवर दुसरे. आपण नागरिक होऊन आईला ग्रीनकार्डसाठी बोलावतो तेव्हा नाते सिद्ध करायला आपलाच जन्मदाखला लागतो, आणि त्यावर आईचे नाव हवे. तिथे ही तफावत नेमकी डोळ्यांत भरते.

आणि १ जून! शाळा जूनमध्ये सुरू होतात, प्रवेशाला वय पुरे हवे, म्हणून गुरुजींनी सरसकट १ जून लिहून टाकला, अशी माणसे महाराष्ट्रात घरोघरी सापडतील. शाळेच्या दाखल्यावरून पासपोर्ट झाला, पासपोर्टवरून व्हिसा. ग्रामपंचायतीत मूळ नोंद सापडते ती मात्र श्रावणातली. दोन तारखांचे हे भांडण अर्ज भरायच्या आधी वकिलापुढे ठेवलेले बरे. अधिकाऱ्याने ते शोधून काढण्यात काहीच फायदा नाही.

१९७० पूर्वीचे जन्म असतील तर शोध आणखी मागे जातो. गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठेवत असे. ही ‘कोतवाल बुके’ आणि गाव नमुना १४ तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षात आहेत. काही पाने मोडीत, तर मराठवाड्यात निजामाच्या काळातले बरेच दप्तर उर्दूत. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा हेच जुने दप्तर मोठ्या प्रमाणावर उघडले गेले, आणि अनेक जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदी स्कॅन करून आपल्या संकेतस्थळांवर टाकल्या. शोध आरक्षणासाठी होता. पण आजोबा-पणजोबांच्या नोंदी हुडकणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो.

२०२३ च्या दुरुस्तीने काय बदलले?

१९६९ च्या कायद्यात संसदेने २०२३ मध्ये दुरुस्ती केली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हा तारीख आणि जन्मस्थान सिद्ध करणारा मुख्य कागद झाला. शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, आधार या सगळ्यांसाठी तोच. फेब्रुवारी २०२५ मध्ये पासपोर्टचे नियमही त्यानुसार बदलले : या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. त्याआधी जन्मलेल्यांना शाळेचा दाखला, पॅन कार्ड वगैरे पर्याय राहिले आहेत.

कोणी म्हणेल, आपला याच्याशी काय संबंध? पण आपल्यापैकी अनेकींची बाळंतपणे आजही भारतात होतात, आणि अनेक कुटुंबे परत जाण्याच्या विचारात असतात. तिकडे जन्मलेल्या बाळाचा दाखला दवाखान्यातून घरी येतानाच मार्गी लावा. आई, वडील आणि बाळ यांच्या नावांचे स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. ‘नंतर बघू’ म्हणायची सोय या मुलांना उरलेली नाही.

दुसरा बदल उशिराच्या नोंदींचा. वर्षापेक्षा जुन्या जन्माच्या नोंदीचा आदेश पूर्वी न्यायदंडाधिकारी, म्हणजे कोर्ट देत असे. दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. हेतू चांगला होता, सामान्य माणसाचे कोर्टाचे हेलपाटे वाचावेत. व्यवहारात अर्जांचा लोंढा तहसील कार्यालयांवर आला.

महाराष्ट्रात २०२५ मध्ये काय झाले?

मालेगाव, अकोला, अमरावती या भागांत उशिराच्या नोंदीचे दाखले अपुऱ्या कागदांवर दिले गेले, आणि त्यांत बांगलादेशी घुसखोरांनाही दाखले मिळाले, असे आरोप झाले. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने असे दाखले देणे थांबवले आणि विशेष तपास पथक नेमले. मार्च २०२५ मध्ये नवी कार्यपद्धती आली : जन्माचे ठिकाण आणि तारीख यांचा सबळ पुरावा, स्थानिक चौकशी, पोलिसांचा अहवाल, आणि माहिती खोटी निघाली तर थेट गुन्हा. पुढे संशयास्पद दाखले रद्द करण्याचेही आदेश निघाले. केवळ आधार कार्डावर नोंद करून घेण्याची वाट बंद झाली. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हटले होते.

या सगळ्याकडे कसे पाहावे? बोगस दाखले दिले गेले असतील तर ते रद्द व्हायलाच हवेत, यात दुमत नाही. पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. उशिरा नोंद करणारा प्रत्येक माणूस लबाड नसतो. ऊसतोड कामगारांची, वस्तीवर घरीच बाळंत झालेल्या बायकांची, भटक्या-विमुक्तांची मुले वर्षानुवर्षे नोंदीशिवाय राहिली. नोंद ठेवायची जबाबदारी सरकारी दप्तराची होती. ती पार पडली नाही, आणि आज पुराव्याचे ओझे माणसावर आले. एकीकडे दाखल्यावाचून काही चालेना आणि दुसरीकडे उशिराचा दाखला संशयास्पद, या कात्रीत सर्वांत गरीब माणूसच सापडतो. परदेशातल्या आपल्याला निदान वकील करता येतो.

हा प्रश्न फक्त भारताचा आहे, असेही समजू नका. अमेरिकेत सगळी राज्ये जन्मनोंदणीच्या राष्ट्रीय व्यवस्थेत आली ती १९३३ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात संरक्षण कारखान्यांतल्या नोकऱ्यांसाठी नागरिकत्वाचा पुरावा मागू लागले, तेव्हा असंख्य अमेरिकनांकडे जन्मदाखला नव्हता आणि उशिराचे दाखले धडाधड काढले गेले. आपल्या जर्सी सिटीतल्या मंडळींना हडसन काउंटीची गोष्ट ठाऊक असेल. २००४ मध्ये तिथल्या बनावट जन्मदाखल्यांचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा काउंटीच्या त्या कार्यालयाचे दाखले चालेनासे झाले आणि प्रामाणिक माणसांनाही नवी प्रत काढावी लागली. त्यांची मूळ नोंद पक्की होती म्हणून ते निभावले. नोंद आणि दाखला यांतला फरक इथे चांगला कळतो.

इथला अधिकारी काय बघतो?

भारतातल्या कागदपत्रांबाबत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १ एप्रिल १९७० हीच रेघ मानली आहे. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला किंवा आई-वडील, जवळचे नातेवाईक यांची अ‍ॅफिडेव्हिट देता येतात. त्यानंतरच्यांकडून जन्मदाखल्याची अपेक्षा असते.

दाखला नसेल तर काय, हेही इमिग्रेशनच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. आधी संबंधित सरकारी कार्यालयाचे पत्र, की अशी नोंद आमच्याकडे नाही. मग दुय्यम पुरावा : शाळेचे, दवाखान्याचे, धार्मिक संस्थेचे जुने कागद. तोही अपुरा असेल तर दोन व्यक्तींची अ‍ॅफिडेव्हिट, ज्यांना जन्माची प्रत्यक्ष माहिती आहे आणि जे स्वतः त्या अर्जात पक्षकार नाहीत.

आता दोन माणसे डोळ्यांसमोर आणा. दोघांचा जन्म १९८२ चा, दोघांची नोंद नाही. पहिल्याने २०२४ मध्ये भावाकरवी तालुक्याला नवी नोंद करून दाखला मिळवला. दुसऱ्याने ग्रामपंचायतीचा अनुपलब्धता दाखला, पहिलीतल्या प्रवेशाच्या नोंदीचा उतारा आणि आई व मामा यांची अ‍ॅफिडेव्हिट जोडली. पहिल्याचा कागद दिसायला झकास. पण नोंदणीची तारीख जन्मानंतर बेचाळीस वर्षांची, म्हणून अधिकारी विचारणारच : ही नोंद कशाच्या आधारे केली, ते दाखवा. म्हणजे शाळेचा उतारा आणि अ‍ॅफिडेव्हिट त्यालाही लागणार. वर त्याची नोंद महाराष्ट्रातल्या फेरतपासणीत सापडण्याची धास्ती वेगळीच. दुसऱ्याचे कागद साधे, पण जे आहे तेवढेच सांगणारे.

सर्वांत वाईट तिसरा रस्ता, दलालाचा. “साहेब, जुन्या तारखेत नोंद करून देतो” असे कोणी म्हणाले तर फोन ठेवून द्या. खोटा कागद दिल्याचा ठपका अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात आयुष्यभर पाठ सोडत नाही. एका दाखल्यापायी वीस वर्षांची वाट पाहणी मातीत जाऊ शकते.

मग करावे काय?

पहिले, शोध योग्य ठिकाणी घ्या. जन्म नेमका कुठे झाला ते आईला विचारा. दवाखाना होता की घर, गाव कोणते, त्या वेळी ते ग्रामपंचायतीत होते की नगरपालिकेत. शहरांच्या हद्दी वाढल्या आणि जुनी गावे महापालिकेत गेली, त्यामुळे रजिस्टर आता भलत्याच कार्यालयात असू शकते. जन्मतारखेच्या आगेमागे वर्षभराच्या नोंदी पाहायला सांगा.

दुसरे, नोंद सापडली आणि नावाचा रकाना कोरा असला तर घाबरू नका. कायद्याच्या कलम १४ नुसार नाव नंतर घालता येते : बारा महिन्यांपर्यंत मोफत, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. जुन्या नोंदींसाठी शासनाने ही मुदत वेळोवेळी वाढवली आहे, म्हणून अर्जाच्या दिवशी कोणती मुदत चालू आहे ते कार्यालयात विचारून घ्या. स्पेलिंगची चूक कलम १५ खाली दुरुस्त होते. मूळ ओळ तशीच राहते आणि समासात दुरुस्ती लिहिली जाते.

तिसरे, नोंद नसेलच तर त्याच कार्यालयाकडून नमुना १० मधला अनुपलब्धता दाखला घ्या. त्यावर नाव, आई-वडिलांची नावे, जन्मतारीख आणि ठिकाण नीट लिहिलेले असावे. उशिराची नवी नोंद करायची की नाही, हे वकिलाला विचारूनच ठरवा.

चौथे, नातेवाइकाला पाठवताना सहीचे अधिकारपत्र आणि पासपोर्टची प्रत द्या. अर्जाची पोच घ्यायला सांगा. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येते. पोच हातात असली की टेबलापलीकडची भाषा पुष्कळदा बदलते!

पाचवे, जुना दाखला नुसता मराठीत असेल तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने “भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि मी ते करण्यास सक्षम आहे” असे सहीनिशी लिहून द्यायचे.

इथे जन्मलेल्या मुलांचे काय? दवाखान्याने दिलेला, बाळाच्या पावलांचे ठसे असलेला सुंदर कागद आठवण म्हणून जपा, कायद्याच्या दृष्टीने तो दाखला नाही. राज्याच्या, काउंटीच्या किंवा शहराच्या नोंदणी कार्यालयाची सर्टिफाईड कॉपी लागते, शिक्का आणि निबंधकाच्या सहीची. पासपोर्ट आणि ओसीआय दोन्हींसाठी आई-वडिलांची नावे असलेली सविस्तर प्रत मागा. भारतात वापरायची असेल तर त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचे अपोस्टिल घ्या. भारत २००५ पासून त्या करारात आहे. न्यूयॉर्क शहरात जन्मलेल्यांना अपोस्टिलसाठी ‘लेटर ऑफ एक्झेम्प्लिफिकेशन’ जोडलेली प्रत लागते, हे आधीच लक्षात ठेवा.

शेवटी एकच सांगतो. रजिस्टर कपाटात राहते, उद्याही सापडेल. माणसांचे तसे नाही. नोंद नसलेल्यांचा खरा पुरावा म्हणजे जन्माच्या वेळी घरात असलेली माणसे : आई, वडील, आत्या, मामा. त्यांची वये आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची अ‍ॅफिडेव्हिट पुढच्या भारतभेटीतच नोटरीपुढे करून घ्या, तारीख करंट होण्याची वाट पाहू नका. दोन मूळ प्रती इथे, एक तिथे. त्या निमित्ताने आईला तुमच्या जन्माची हकिगत विचारा. अर्जाला लागतील ते तपशील मिळतीलच, आणि बाकीचे तुमच्यासाठी राहतील.